भोक नसलेला पंप

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ताम काका चिकट भाताचा गोळा लोहचुंबकावर दाबत आणि अलगद उचलत. चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कीस भातात उतरे. वेगळा काढलेला दुसरा गोळा ते स्वतः खात. "आधी त्याची न्याहारी, मग माझी," म्हणत.

व्हिएतनामच्या फू क्वोक बेटावर त्यांचं सगळं आयुष्य होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं होतं. दिएपच्या कारखान्यात ते आले ते एका पिंपासाठी. माणसाहून उंच लाकडी पिंपात मासे आणि मीठ वर्षभर मुरतं, खालून निथळलेला रस पंपानं पुन्हा वर सोडायचा, तेव्हा कुठे नुओक माम, म्हणजे जेवणात घालायचा माशांचा खारा रस, तयार होतो. पण त्या वर्षी खाऱ्या रसानं पंपाचं पातं फिरवणाऱ्या दांड्याजवळचं सील खाल्लं, ग्रीस आत उतरलं, आणि एक अख्खं पिंप ओतून द्यावं लागलं. शेजारचं पिंप दिएपच्या आईनं मरणाआधी स्वतःच्या हातानं भरलं होतं. त्याला तसला पंप लावायची दिएपची हिंमत होईना.

"दांडा आत जायला भोक लागतं, आणि भोक आलं की गळती आली," काका म्हणाले. "भोकच नको."

"मग पातं फिरणार कसं, काका? तुमच्या शिट्टीवर?"

काकांनी चुंबकांच्या दोन चकत्या केल्या. एक मोटरीला, एक पात्याला, आणि मध्ये प्लास्टिकचा अखंड पडदा. बाहेरची फिरली की आतली तिच्या ओढीनं मागोमाग. साध्या पाण्यात झकास चाललं. पिंपातल्या जड रसात मात्र मोटर गुणगुणत राहिली आणि पातं जागचं हललं नाही.

"मोटर बाजारात पोचली, पातं अजून अंथरुणात," मुकादम ख्वा हसला. "छोटंसं भोक पाडा की."

काकांनी पंप खोलला, पडदा हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि स्वतःवरच चिडले.

"होडीचा तळ केलाय मी याचा. बोटभर जाड. अरे, इथं कुठं लाटा आहेत?"

मग ते खिडकीशी बसून पडदा तासत राहिले, त्यातून उजेड दिसेपर्यंत. चुंबकं एकमेकांच्या जवळ आली. दुपारी मोटर लावली तेव्हा पातं तिच्याबरोबरच निघालं, आणि रस नळीतून वर चढला.

दिएपनं नखावर एक थेंब घेतला. जिभेवर ठेवला. ग्रीसचा वास नव्हता. आईच्या हातचं मीठ तेवढं होतं.

त्यानंतर बेटावरचे कारखानदार पंप पाहायला येत. दिएप त्यांना पाहुणचाराआधी पिंपाजवळ नेई. "भोक शोधा," म्हणे, आणि ते वाकून वाकून शोधत असताना हाताची घडी घालून उभी राही. "आमच्या ताम काकांचा आहे."

नऊ वर्षं तो पंप चालला. काका गेले त्याच्या आदल्या दिवशी नेहमीसारखे येऊन गेले. पंपाला कान लावला, मोटर बंद करून पंप खोलायला लावला, पडद्यावरून बोट फिरवून पाहिलं.

"पडद्यावर मीठ चढलंय गं पोरी. ओल्या फडक्यानं पूस."