पिंपळगावातलं परदेश

माझं परदेशातलं शिक्षण फक्त एका सेमिस्टरचं होतं. जानेवारीत गेले, जुलैत परत आले. एवढी साधी गोष्ट आमच्या कॉलनीला शेवटपर्यंत कळली नाही, कारण ती सांगायचा धीर अण्णांना झाला नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. नाशिकच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी अर्थशास्त्रात एम.ए. करत होते आणि विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या एका योजनेतून इंग्लंडमधल्या विद्यापीठासाठी माझी निवड झाली. आमच्या बौद्ध वस्तीत परदेशात शिकायला जाणं याचा अर्थ एकच होता. घराघरांत भिंतीवर ज्यांचा फोटो आहे, ते जसे शिकून आले तसं शिकून यायचं. मधलं काही नाही. विहारात माझा सत्कार ठेवला होता. एक वडीलधारे गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "आपली लेक आता डॉक्टरेट घेऊनच येणार, तीन वर्षांनी!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. मी अण्णांकडे पाहिलं. नकाशात एखाद्या पोरानं नदी बोटभर सरकवली तरी खपवून न घेणारा हा माणूस. आता उठतील आणि दुरुस्ती करतील, असं मला वाटलं. ते हात जोडून बसून राहिले.

तिथल्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाऊस धड पडायचा नाही, नुसता दिवसभर किरकिरायचा. माझ्या खोलीची खिडकी समोरच्या विटांच्या भिंतीवर उघडायची. वर्गात कुणी माझं आडनाव ऐकून मनातल्या मनात हिशेब केला नाही, आणि त्यानं पहिले काही दिवस इतकं हलकं वाटलं की मी रस्त्यानं उगाच हसत चालायचे. पण मग लक्षात आलं की इथं कुणी काहीच विचारत नाही. आडनावही नाही, जेवलीस का हेही नाही. रविवारी वसतिगृह रिकामं व्हायचं. मी स्वतःशीच मोठ्यानं मराठीत बोलून बघायचे आणि आपलाच आवाज ऐकून रडू फुटायचं. अभ्यास केला, परीक्षा दिल्या, गुण बरे मिळाले. पण खरं सांगायचं तर मला फक्त घरी जायचं होतं. आईच्या हातची भाकरी खायची होती आणि ओट्यावर बसून कॉलनीतल्या बायकांच्या कटकटी ऐकायच्या होत्या.

मुंबईला अण्णा एकटेच घ्यायला आले. आम्ही धुळ्याला जाणारी एस.टी. पकडली. ती नाशिकवरूनच जाते, म्हणून मी काही विचारलं नाही. नाशिकच्या स्टँडवर गाडी थांबली तशी मी पिशवी उचलून उभी राहिले. अण्णांनी माझा हात धरला.

"बस खाली. आपल्याला पिंपळगावला जायचंय. आत्याकडे."

"आणि घरी?"

"जाऊ. थोडे दिवस." त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून, हे मला उशिरा समजलं. माझं शहर त्या पडद्याच्या फटीतून मागे गेलं.

अण्णांचा बेत असा होता. मी पुन्हा शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा, पुन्हा जायचं, खरोखरची डॉक्टरेट करायची. म्हणजे त्या दिवशी विहारात बोललेलं खरं ठरणार. तोवर मी परदेशातच आहे असं धरून चालायचं. सहा महिन्यांत परत आलेल्या पोरीबद्दल लोक काय बोलतात, हे मला सांगायची गरज नव्हती. नापास झाली म्हणाले असते, किंवा त्याहून वाईट. तरी मला अण्णांचा संताप आला, आणि तो आजही पुरता गेलेला नाही.

पिंपळगाव बसवंतला आत्याचं घर हायवेला लागून होतं. दिवसभर कांद्याचे टेम्पो जायचे आणि भांडी थरथरायची. आत्या शेजारणींना सांगायची, "भावाची पोर हाय. अभ्यासाला आली. तिला लय बोलू नका." रात्री मला जवळ घेऊन म्हणायची, "तुझ्या बापाचं डोकं ठिकाणावर नाय बघ."

अण्णा दर रविवारी यायचे. चहा झाला की हळूच विचारायचे, "तिकडचं काही सांग." लायब्ररी किती मोठी, ट्यूबलाइट किती, पोरं काय खातात. मी सांगायचे आणि ते तेच नाशिकला जाऊन विहारात सांगायचे, ताजी खबर म्हणून. एका रविवारी माझा पारा चढला. म्हटलं, "सांगा त्यांना, कालच बर्फ पडला!"

अण्णा गंभीरपणे म्हणाले, "ऑगस्टमध्ये तिथं बर्फ पडत नाही, बाळा."

हसावं की रडावं ते मला कळेना. आत्या मात्र चुलीपाशी तोंड दाबून हसत होती.

शिष्यवृत्ती मिळाली नाही. दुसरीकडे अर्ज केला, तिथूनही नकार आला. मी अण्णांना म्हटलं, "आता मला घरी न्या. बोलू द्या लोकांना." ते म्हणाले, "दिवाळीनंतर नेतो. मीच सांगेन सगळ्यांना." त्यांनी हे इतक्या थकलेल्या आवाजात सांगितलं की मी वाद घातला नाही. तो त्यांचा शेवटचा रविवार.

त्यांना हृदयाचा झटका आला आणि दवाखान्यात ठेवलं. मी चप्पल पायात घालून निघाले, तेवढ्यात मामा आईचा निरोप घेऊन आला. येऊ नकोस. अण्णांच्या खाटेभोवती सकाळ-संध्याकाळ कॉलनीची माणसं असतात, आणि अण्णाच नको म्हणतात. जरा बरे झाले की घेऊन जाऊ. मी चप्पल काढली. पुढचे दिवस मी त्या घरात कसे काढले मला आठवत नाही. टेम्पोचे आवाज तेवढे आठवतात.

मामा पुन्हा आला तेव्हा त्यानं माझी पिशवी स्वतःच उचलली.

घरासमोर सगळी कॉलनी पांढऱ्या कपड्यांत उभी होती. मला बघून लोकांनी वाट करून दिली. अण्णांच्या चेहऱ्यावर ऊन पडलं होतं. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मागे कुजबुज ऐकली. झटक्याची तार मिळाल्याबरोबर निघाली असणार. सत्कारात बोललेले ते वडीलधारे गृहस्थ पुढे आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून हुंदके देत म्हणाले, "सातासमुद्रापलीकडून आली पोर. नशीबवान बाप!"

सगळं ओरडून सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. इथंच होते मी, तासाभराच्या रस्त्यावर. त्यांना एकदा भेटू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? या सगळ्या प्रकारात आईनं एकदाही अण्णांना साथ दिली नव्हती. रोज भांडायची ती त्यांच्याशी, माझ्यासाठी. मी तिच्याकडे पाहिलं.

आईनं डोळे पुसले आणि बायकांना म्हणाली, "तिला आधी पाणी द्या कुणीतरी. लांबचा प्रवास करून आलीये."