पडद्यामागे बसलेली

ओल्या मांजरपाटाचा वास आला की मला जोयडा गावातला तो सिनेमाचा तंबू आठवतो. मूकपट होता, वीसेक मिनिटांचा. पाणी मारून भिजवलेल्या मांजरपाटाच्या पडद्यापुढे पुरुषांच्या सात रांगा होत्या आणि पडद्यामागे बायका. त्यांना तेच चित्र डावं-उजवं उलटून दिसे.

चित्रातला नवरा बायकोला परक्याशी बोलताना पाहतो आणि घरात कोंडतो. मी चौथ्या रांगेत मधोमध बसलो होतो. माझी बायको पाणवठ्यावर एका गाडीवानाशी बोलताना दिसल्यापासून मी अबोला धरला होता. आईच्या सोबतीशिवाय तिला उंबरा ओलांडू देत नव्हतो. हे गावभर झालं होतं.

शेजारचा म्हणाला, "बघ की, तुझंच घर दावत्यात." रांग हसली. उठायला वाट नव्हती. आपल्याइतकं कोंडलेलं इथं कुणी नाही, असं वाटलं. पडद्यापलीकडे ती बसली आहे, हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

शेवटी तो परका त्या बाईचा भाऊ निघाला.

परतताना आई पुढे गेल्यावर मी म्हणालो, "त्या बाईनं आधीच सांगायचं होतं."

"सांगत व्हती की," बायको म्हणाली. "व्हट हलत व्हते तिचे. ऐकणार कोण?"

तेव्हा कुठे मी विचारलं, गाडीवान कोण होता.

"माझ्या म्हायेरचा. माझी आई हातरुणाला खिळलीया, असा निरोप घिऊन आल्ता. अकरा दिस झालं. आता ती हाय का न्हाई, मला काय ठावं."