रेल्डन गेला, बटाटे आले

अफ्टन क्रिस्टेन्सनचा नवरा एका हाकेला ओ देणारा माणूस कधीच नव्हता. उभा जन्म शाळेची बस चालवून त्याने उजवा कान इंजिनाला वाहून टाकला होता, आणि डावा कान, अफ्टनच्या मते, सोयीप्रमाणे चालायचा. जेवायला बोलवायचं तर तिने मागच्या पायऱ्यांवर उभं राहून पहिली हाक मारायची, ती वाया जायची. दुसरीला शेजाऱ्याचा कुत्रा उत्तर द्यायचा. तिसरीला कुठे जर्दाळूच्या झाडांमागून ओ यायची. याबद्दल ती गावभर कुरकुर करी आणि गाव हसे. सॅनपीट खोऱ्यातल्या आमच्या मॉर्मन गावाला हसायला एवढं पुरतं.

जुलैतल्या एका शनिवारी सकाळी दोघं स्वयंपाकघरात जर्दाळू फोडत बसली होती. पाकात घालून बरण्या भरायच्या होत्या. रेल्डनने एक बी काढून बशीत टाकली आणि जसं काही बियांबद्दलच बोलतोय अशा आवाजात सांगितलं, की त्याचा आता यातल्या कशावर विश्वास राहिलेला नाही. कशावर म्हणजे सगळ्यावरच. ज्यांवरून आपला धर्मग्रंथ उतरला म्हणतात त्या जमिनीतून निघालेल्या सोन्याच्या पत्र्यांवर, संदेष्ट्यावर, मॅन्टायच्या टेकडीवरच्या आपल्या मंदिरावर. दोन वर्षं तो रविवारच्या वर्गात पोरांना शिकवत होता आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होता. आता खोटं बोलवत नाही, उद्यापासून येणार नाही.

अफ्टनला आधी वाटलं, उकाड्याने बरळतोय. पण त्याने गमबूट चढवले, दारात थांबून "सांगून टाकलं, कसं हलकं वाटतंय" म्हणाला, आणि फावडं खांद्यावर टाकून लसूणघासाच्या चाऱ्याला पाणी द्यायला मागे निघून गेला. त्या दिवशी पाटाच्या पाण्याची पाळी त्याची होती. आमच्याकडे माणसाचा धर्म सुटेल, पाण्याची पाळी सुटत नाही.

अफ्टन सुरी धरून तशीच बसून राहिली. मॉर्मन माणसाचं मंदिरात लागलेलं लग्न मरणाने तुटत नाही. सात जन्मांचा हिशेब आमच्यात नाही, एकदाच आणि कायमचं. पण त्याला दोघंही लागतात, आणि इथे एक तर गमबूट घालून चालता झाला होता. त्यात तिच्या डोक्यात थोरा या मैत्रिणीच्या आजीची गोष्ट लहानपणापासून घट्ट बसलेली. आजी सांगायची, शेवटच्या दिवशी थडगी उघडली की नवरा बायकोला नावाने हाक मारतो आणि त्या हाकेने ती उठते. पुस्तकात हे कुठे नाही, पण आज्या पुस्तकाला विचारून थोड्याच बोलतात. म्हणजे सगळं गाव उठून, माती झटकून, एकमेकांची विचारपूस करत चालू पडणार आणि आपण मात्र हाकेची वाट बघत पडून राहणार, असं चित्र अफ्टनच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तिला हुंदका फुटला आणि तिने थोराला फोन लावला. थोरा तिची शाळेपासूनची मैत्रीण आणि आता चर्चच्या महिलामंडळाची अध्यक्ष.

"थोरा, रेल्डन गेला गं."

"काय सांगतेस? कधी?"

"आत्ता. जर्दाळू फोडता फोडता."

"बसल्या जागी?"

"बसल्या जागी. माझ्यासमोर. हातात सुरी तशीच."

"अगं बाई. काही त्रास होत होता का त्याला?"

"दोन वर्षं होत होता म्हणे. मला एका शब्दानं कळू दिलं नाही."

"पुरुषांची जातच मेली तशी." थोराने नाक ओढलं. "आता आहे कुठे तो?"

"मागच्या बाजूला. मला त्याचं तोंडसुद्धा बघवेना."

"बघू नकोस. काही करू नकोस, ओव्हनला तर हातही लावू नकोस. आम्ही आलोच."

ओव्हनला हात लावू नकोस, याचा अर्थ आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतो. याचा अर्थ बटाटे. किसलेले बटाटे, त्यात चीज, घट्ट सूप आणि आंबट साय, वर लोण्यात परतलेल्या कॉर्नफ्लेक्सचा चुरा. यांना मर्तिकाचे बटाटे म्हणतात, कारण त्यांच्याशिवाय आमच्याकडे कुणाला पुरत नाहीत. पण कुणाला जुळं झालं, कुणाचा पाय मोडला, कुणाचा मुलगा धर्मप्रचाराला निघाला, तरी हेच. त्यामुळे तासाभरात थोरा, तिच्यामागे नेल्डा आणि नेल्डामागे अर्धं महिलामंडळ झाकलेले ट्रे घेऊन दारात उभं राहिलं, तेव्हा अफ्टनला त्यात काही वावगं वाटलं नाही. नवऱ्याची श्रद्धा गेली हेही एक दुखणंच. थोराने एवढ्या लगेच गावभर करायला नको होतं, इतकंच तिच्या मनात आलं.

बायका तिला मधोमध बसवून पाठीवरून हात फिरवू लागल्या. नेल्डा म्हणाली, जिथे गेला तिथे तो सुखातच असणार. अफ्टनने डोळे पुसत सांगितलं, की हो, तोही तसंच म्हणाला, कसं हलकं वाटतंय.

सगळ्यांचे हात पाठीवरच थांबले. "म्हणाला?" नेल्डाने विचारलं. "तुझ्याशी बोलला?"

"बोलला ना. इथे दारात उभा राहून. गमबूट घालून."

कुठल्याही दुसऱ्या गावात बायकांना इथे शंका आली असती. आमच्या नाही. गेलेलं माणूस जाता जाता दोन शब्द बोलून जातं, याच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. नेल्डाचे डोळे भरून आले. असं भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, ती म्हणाली. मागून कुणीतरी कुजबुजलं, की अशी माणसं पांढऱ्या कपड्यांत दिसतात असं ऐकलं होतं, गमबुटाचं काय? थोराने तिला कोपराने ढोसलं. बस सोडली तर ज्याचं आयुष्य पाटावर गेलं तो गमबुटातच दिसणार, असं तिचं म्हणणं पडलं आणि ते सगळ्यांना पटलं.

मग बिशप ऑर्लिन आला. बिशप म्हणजे आमच्याकडे पगारी माणूस नव्हे. गावातल्याच कुणाच्या तरी गळ्यात ते काम पडतं आणि एरवी तो आपला धंदा करतो. ऑर्लिन टर्की पाळायचा. घाईत निघाल्यामुळे त्याच्या बाहीवर दोन पिसं तशीच होती. त्याने अफ्टनचे दोन्ही हात धरले आणि हळूच विचारलं, की ब्रदर रेल्डनचे मंदिरातले पांढरे कपडे धुतलेले आहेत ना. आमच्यात माणसाला त्याच कपड्यांत पुरतात. पण अफ्टनला वाटलं, हा ते परत न्यायला आलाय. तो आता ते घालायचा नाही, असं ती म्हणाली. बिशप गोंधळला. सगळेच घालतात, तो म्हणाला, पण कपड्यांचं राहू द्या, थोरा बघेल. तेव्हा सकाळपासून अडकलेला प्रश्न अफ्टनच्या तोंडून बाहेर पडला.

"बिशप, मला खरं सांगा. तो असा गेला, मग आमचं लग्न तुटलं का?"

"अहो सिस्टर अफ्टन, तुटेल कसं? जाण्यानं तुटायला ते काय सुतळीनं बांधलंय? तो तुमचाच आहे. आज, उद्या, कायमचा."

"त्यानं काहीही केलेलं असलं तरी?"

"आता ते काय धरून बसायचं? चांगलं तेवढं आठवायचं."

अफ्टन त्याच्याकडे बघतच राहिली. एवढं सोपं होतं? सकाळपासून तिने अनंतकाळ एकटीने काढायची तयारी चालवली होती, आणि इथे टर्कीवाल्या ऑर्लिनने दोन वाक्यांत सगळं मोकळं केलं. तिच्या अंगातून आनंदाची अशी लहर गेली की तिने बिशपला पिसांसकट मिठी मारली. तिला हसू फुटलं, ते आवरेना. हसता हसता तिने जवळचा ट्रे उघडला आणि उभ्यानेच बटाटे खायला लागली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. दुःख डोक्यात गेलं बिचारीच्या, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

आणि मागचं दार उघडून रेल्डन आत आला.

गुडघ्यापर्यंत चिखल, हातात फावडं. त्याने टेबलावरचे ट्रे पाहिले, घरभर बायका पाहिल्या, बिशप पाहिला, आणि डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. एवढे बटाटे एका जागी दिसले की आमच्याकडे पुरुषाचा हात आपोआप टोपीकडे जातो.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

नेल्डाच्या हातातून हिरव्या जेलीचं भांडं सुटलं. जेली भांड्यातून निसटून फरशीवर पडली, फुटली मात्र नाही, तिथेच थरथरत उभी राहिली. थोरा भिंतीला टेकली आणि काहीतरी पुटपुटली. रेल्डनला ते ऐकू आलं नाही. काय म्हणते ही, म्हणून त्याने बायकोकडे पाहिलं, आणि एव्हाना अफ्टनच्या डोक्यात प्रकाश पडला होता.

"तू मेलास म्हणते," तिने त्याच्या डाव्या कानात सांगितलं.

"मी? नाही बुवा. मी फक्त चर्च सोडलं."

आता मात्र खोलीत फक्त जेली हलत होती. बिशपच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो अडखळत म्हणाला, की मघाशी जे बोललो ते वेगळ्या अर्थाने होतं, म्हणजे गेलेल्या माणसाबद्दल, म्हणजे खरोखरच गेलेल्या. अफ्टनने ट्रे खाली ठेवला.

"म्हणजे मेला असता तर माझा," ती म्हणाली, "आणि जिवंत उभा आहे तर नाही?"

बिशप बाहीवरची पिसं काढू लागला. भला माणूस असल्यामुळे त्याने उत्तर बनवलं नाही.

पहिलं हसू थोराचं निघालं. तिने नाक दाबून थांबवायचा प्रयत्न केला आणि ते दुप्पट जोराने बाहेर आलं. मग नेल्डा, मग बाकीच्या, मग जेली पुसायला वाकलेली बाई तिथेच बसून राहिली. हसता हसता दोघीतिघी रडल्याही. रेल्डन आपला टोपी धरून उभा. शेवटी त्याने विचारलं, एवढं सगळं केलंच आहे तर माझी जीवनकथा कोण सांगणार होतं? आमच्या मर्तिकात गेलेल्या माणसाची जीवनकथा उभं राहून सांगायची रीत आहे. ती ऐकायला मिळत नाही, एवढीच मरणातली अडचण, असं तो म्हणाला.

मग त्याला खुर्ची दिली, ताट दिलं, आणि त्याच्या तोंडावर त्याची जीवनकथा झाली. थोराने सांगितलं, की त्याने लग्नाआधी अफ्टनला पाठवायची फुलं पत्ता चुकून थोराच्या आजीला पाठवली, आणि आजीने ती ठेवून घेतली. नेल्डाने, त्याने एकदा बस पाटात घातली होती, ती गोष्ट काढली. पोरं सुखरूप, फक्त डबे ओले. तो मेला नव्हता म्हणून बायकांनी काहीही हातचं राखलं नाही. सगळ्यात शेवटी बिशप बोलला. तो पहिलीत असताना हिमवादळात बस अडकली होती, आणि ब्रदर रेल्डनने त्याला पाठुंगळी घेऊन घरापर्यंत पोचवलं होतं. वाटेत भीती वाटू नये म्हणून सगळी स्तोत्रं बेसूर म्हणत. एवढं सांगून ऑर्लिन उठला. उद्या येणार का, हे त्याने विचारलं नाही. दारातून जाताना म्हणाला, "मंगळवारी पाण्याची पाळी माझी आहे. पाटाचं दार एकट्यानं उचलत नाही. याल ना?"

"येतो की," रेल्डन म्हणाला. "त्याला विश्वास लागत नाही, ऑर्लिन. कंबर लागते."

सगळे गेले. बटाटे राहिले, आठवडाभर पुरतील एवढे. ऊन कलल्यावर दोघं पुन्हा जर्दाळू फोडायला बसली. दोन वर्षं त्याने हे एकट्याने पोटात ठेवलं याचा अफ्टनला राग होताच, तो तिने आता नीट शब्दांत काढला आणि त्याने मान खाली घालून ऐकला. उद्या ती चर्चला जाणार, तो घरी बटाटे गरम करणार, एवढं ठरलं. मग तिने विचारलं, की पलीकडे खरंच काही नाही वाटत तुला?

"मला तरी दिसत नाही."

"आणि असलंच तर?"

"तर तोंडावर आपटलो म्हणायचं."

"मग मला हाक कोण मारणार? मी उठू कशी?"

रेल्डनला आजीची गोष्ट ठाऊक होती. तो सुरी खाली ठेवून विचार करत बसला. मी मारीन म्हणणं सोपं होतं, पण खोटं बोलवत नाही म्हणून तर दिवसभराचा हा घोळ.

"या घरात रोज सकाळी आधी कोण उठतं?" त्याने विचारलं.

"मी."

"कुणाच्या हाकेनं?"

अफ्टनला एकदम हसू आलं. इतक्या वर्षांत हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही. "मग मीच उठेन," ती म्हणाली, "आणि मीच तुला हाक मारीन. तू ओ द्यायची. एवढं तरी कबूल कर."

त्यात काही खोटं बोलल्यासारखं होतंय का, हे त्याने तपासून पाहिलं. "ऐकू आली तर देईन," तो म्हणाला. "पण डाव्या बाजूनं मार."

मग तो पाटाचं दार लावायला मागे गेला. बटाटे गरम झाल्यावर अफ्टन पायऱ्यांवर येऊन उभी राहिली आणि तिने हाक मारली. पहिली वाया गेली. दुसरीला कुत्रा भुंकला. तिसरीला जर्दाळूच्या झाडांमागून ओ आली. चौथीची काही गरज नव्हती, तरी अफ्टनने मारली.