न फुटलेली सुपारी

एमबीएला जाऊन काय शिकलास, असं कुणी विचारलं की मला आमच्या घरातली एक सुपारी आठवते आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पुण्यातली दोन वर्षं संपवून मी श्रीगोंद्याजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा धाकट्या बहिणीच्या लग्नाची बैठक ठरली होती. मुलगा पारनेरकडचा. दोघांची पसंती झालेली, महिनाभर फोनवर बोलणंही चाललेलं. ती भाकरी थापतानासुद्धा गुणगुणायची. वडील मुळातच अबोल. म्हणाले, तू शिकलेला हायेस, तूच बोल. झालं, मी हवेत!

सतरंजीच्या मधोमध ताटात कुंकू, पानं, सुपारी. दोन्हीकडून ‘बरं’ म्हटलं की सुपारी फोडायची, लग्न ठरलं. मुलाचे चुलते म्हणाले, लग्न आमच्या दारात करू, तारीख तुम्ही धरा. यात वावगं काय होतं? काहीच नाही. वडिलांना तर तेच हवं होतं. पण वाटाघाटींच्या तासाला सरांनी घोटून घेतलं होतं: समोरच्याच्या पहिल्या बोलण्यावर उत्तर द्यायचं नाही, गप्प बसायचं, तो गडबडून आणखी काही देऊ करतो. म्हणून मी पंख्याकडे बघत बसलो. आणखी काय हवं होतं मला, देव जाणे.

आमच्याकडे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. नको असलं की गप्प बसतात. हे मला लहानपणापासून ठाऊक, आणि नेमकं तेव्हाच आठवू नये? वडील माझ्याकडे बघत होते, पण एकदा मला बोलायला सांगितल्यावर मध्ये तोंड घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. चुलत्यांनी टोपी डोक्यावर ठेवली.

“बरं हाय पाव्हणं, कळलं आमाला.”

मंडळी उठली. मी मागे धावलो. तसं नव्हतं हो, आम्हाला सगळं मान्य आहे, असं जीपपर्यंत बडबडत गेलो. चुलत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक शब्दही बोलले नाहीत. त्या गप्प राहण्याचा अर्थ मात्र मला लगेच कळला.

ताट आईने तसंच देवापुढे नेऊन ठेवलं. मामा दोनदा पारनेरला जाऊन आले. पहिल्यांदा म्हणाले, बघू म्हणतायत. दुसऱ्यांदा आले ते मुलाचं दुसरीकडे जमल्याचं सांगायला. हे ऐकून बहीण उठली, देवापुढच्या ताटातली सुपारी उचलली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

“दादा, नुसतं बरं म्हनायचं हुतं रे.”

तुझं चांगलं व्हावं म्हणूनच मी गप्प बसलो, हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?   ती आत गेली आणि सुपारी पानाच्या डब्यात टाकली.