हिरड्या बघणारी शेजारीण

इथं ओहायोत आमच्या शेजारी नागपूरची एक बाई राहते. मला नमस्कार करायच्या आधी ती आमच्या कुत्र्याचा ओठ वर करून हिरड्या फिक्या पडल्यात का ते बघते. पाकिटातलं तयार खाणं खाऊन तिचं मांजर मेलं, असं ती म्हणते. मीही घाबरलो आणि कुत्र्यासाठी वरणभात शिजवायला लागलो. कुत्रा माझ्या बायकोचा. ती गेली, आता घरात तोच.

काल बाईनं पातेल्याचं झाकण उचललं, वास घेतला आणि सगळं वरण सिंकमध्ये ओतलं.

“काका, लसणाची फोडणी? विष आहे हो कुत्र्याला!”



आता पाकीट फोडायला धजत नाही, गॅस पेटवायलाही नाही. कुत्रा सकाळपासून उपाशी माझ्याकडं बघत बसलाय.