आधी विचारलंत का?

आंतरराष्ट्रीय कायदा सोसायटीच्या जिन्यापर्यंत खाली आणणारा माणूस साऱ्या जगात एकच झाला, आणि तो आमच्या डोक्यावर, म्हणजे चौथ्या मजल्यावर, राहत असे. यमुनेपलीकडे शेतांवर नव्या इमारती उगवत होत्या, रोज कोणाच्या तरी दारात नवी मोटार येत होती, आणि या काकांच्या घरात मात्र खुर्च्यांवरसुद्धा करारांच्या प्रती बसलेल्या असत. पाहुण्यांनी उभं राहायचं! तीस वर्षं एका मंत्रालयात त्यांनी पर्यावरणाचे आणि आदिवासींच्या हक्कांचे जागतिक करार फायलींना लावले. बाकीचे बाबू नुसते लावतात. काकांनी ते वाचले आणि वर त्यांच्यावर विश्वास ठेवला. घोटाळा झाला तो तिथेच.

"जो जिथे राहतो, त्याला आधी विचारल्याशिवाय तिथलं काही हलवायचं नाही," हे त्या सगळ्याचं त्यांनी काढलेलं सार. पार्किंगसाठी आवारातलं शिरीषाचं झाड तोडायचं ठरलं, तेव्हा भर मीटिंगमध्ये त्यांनी सेक्रेटरींना विचारलं, "उसके नीचे जो प्रेसवाला बैठता है, उससे पूछा आपने?"

"अरे अंकलजी, छोड़ो ना यार!"

काकांनी सोडलं नाही. इस्त्रीवाल्याला खुर्ची देऊन मीटिंगला बसवलं, आणि शिरीष अजून उभा आहे. आमच्या कूलरमागे कबुतरीने अंडी घातली, तर ऐन मे महिन्यात तीन आठवडे आम्ही घामाच्या धारांत बसलो. काका रोज वरून वाकून बघत. माझी काय बिशाद कूलर लावायची? मी त्यांना मनसोक्त हसत असे. ते हसणं एका दिवसात बंद झालं.

कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या गेस्ट हाऊसमध्ये आम्ही दोघं रविवारी पोहे खायला जायचो. तिथे एकदा गडचिरोलीकडची पाच माणसं भेटली. त्यांच्या देवाचा डोंगर खाणीला जायचा होता आणि दुसऱ्याच दिवशी समितीपुढे शेवटची सुनावणी होती. फायलीत गावाच्या संमतीचा ठराव होता, सगळ्यांच्या अंगठ्यांसकट.

"आमी तं नाहीच म्हटलं जी," त्यांच्यातली म्हातारी पुन्हा पुन्हा सांगत होती, "पण अंगठे आमचेच दिसते."

काकांनी पोहे बाजूला सारून तिच्याजवळची झेरॉक्स डोळ्यांशी धरली. ठरावाच्या कोपऱ्यात, फायलीची दोरी ओवतात त्या भोकाचा, एक काळा ठिपका होता. अंगठ्यांच्या पानावर दोन होते.

"हे पान आधी दुसऱ्याच कागदाला लावलेलं होतं," ते म्हणाले. "आजी, आणखी कशाला अंगठा दिला होतात?"

म्हातारी विचार करून म्हणाली, "ब्लँकेट वाटले, तवा."

मी रजा टाकून सुनावणीला गेलो. काकांनी आधी ते दोन ठिपके दाखवले, आणि मग जगातल्या देशांनी मूळ रहिवाशांना काय काय कबूल केलं आहे ते कलमांसकट तोंडपाठ म्हटलं. समितीने मूळ फाइल मागवली. अंगठ्यांच्या पानाला खरोखरच दोन भोकं निघाली. गावाला पुन्हा विचारा, असा हुकूम झाला. मी आ वासून बघत होतो. ज्या कागदांना मी रद्दी म्हणत आलो, त्यांनी माझ्यासमोर एक अख्खा डोंगर धरून ठेवला होता. पुढे गावाने एकमुखाने 'नाही' म्हटलं आणि खाण टळली.

पण त्या संध्याकाळी स्टेशनवर निरोप घेताना म्हातारीने काकांचा हात धरला.

"तुमच्या डोंगरावर कोनी आलं तं आमाले सांगा. आमी सारे येऊ. कोठं आहे जी तुमचा डोंगर?"

काकांचा जन्म करोल बागेतल्या भाड्याच्या खोलीत झाला आणि पुढचं आयुष्य सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. ते गोंधळले. मग, मी ऐकलेलं त्यांचं एकमेव खोटं बोलले, "साताऱ्याकडे."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. दर दिवाळीला त्यांच्या नावाने तिकडच्या मास्तरांच्या हातचं पोस्टकार्ड येतं आणि पोस्टमन ते माझ्याकडे देतो. 'तुमचा डोंगर बरा आहे का?' काका गेल्याचं कळवायला माझा हात अजून धजत नाही. बरा आहे, असं मी लिहितो, आणि दिवसभर मला करमत नाही.