व्होल्टेजचा दोष नव्हता

नवी डिस्क आणली की तो ती काडेपेटीसारखी बोटांत फिरवायचा, कानाशी नेऊन हलवायचा, आणि आत काही खुळखुळत नाही याची खात्री पटली की म्हणायचा, "मूर्ती ल्हान, आयुष्य म्हान! आण्णा, ह्यो गडी म्हातारा हुईत न्हाय बगा."

डिस्क एसएसडी जातीची, आत नुसत्या चिपा; खुळखुळण्यासारखं काही नसतंच. हे त्याला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं.

माझ्या फोटो स्टुडिओत तो लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करायचा. तो गेल्यावर पेठेतल्या लोकांनी शोकसभा घेतली आणि फलकावर 'तंत्रज्ञानाचा जादूगार' असं छापलं. मी पहिल्या रांगेत बसून ते वाचत होतो. जादूगार कसला! त्याला यंत्रातलं जेवढं कळायचं त्याच्या दुप्पट बोलता यायचं, एवढीच काय ती जादू. एका वक्त्याने तर त्या जुन्या घटनेची आठवण काढली. व्होल्टेजने डिस्क जळाली तरी गडी डगमगला नाही, म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. ती मान तेव्हापासून दुखते आहे, म्हणून हे लिहितो.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चपलेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत प्रत्येक वस्तूबद्दल त्यांचं मत असतं आणि ते दुकानदाराला ऐकवल्याशिवाय ती काही विकत घेत नाहीत. राजारामपुरीत डिस्क घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने सांगून पाहिलं, "तुमचं काम व्हिडिओचं. एक टीबीची घ्या, जास्त वर्षं टिकंल."

"मोठी हाय म्हणून जास्त टिकतीया? मग हत्ती अजून का मरत्यात?"

"तसं न्हवं, पावणं. रोज एक ट्रक चार हमालांनी उतरला तर ते लवकर मोडत्यात. सोळा असलं की वजं वाटून जातंय. ह्यातल्या पेशींचं तसंच हाय. एकेका पेशीवर ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येतंय. डिस्क मोठी, तर पेशी जास्त."

"आणि बारा हमाल बिड्या वडत बसणार, त्यांचा पगार आण्णांनी द्यायचा व्हय?"

दुकान हसलं. मीही हसलो. मालक मी होतो, 'एक टीबीची बांधा' एवढं म्हणणं माझ्या हातात होतं. आम्ही दोनशे चाळीस जीबीची घेतली आणि परतीच्या रस्त्याला तो हमालांची नक्कल करत आला.

त्या एवढ्याशा डिस्कला त्याने जे राबवलं, ते बैलाला राबवलं असतं तर लोकांनी त्याला चोपलं असतं. लग्नसराईत सकाळचा मुहूर्त एक, संध्याकाळचा दुसरा. शूटिंग डिस्कवर ओतायचं, कॅमेऱ्यातलं कार्ड लगेच पुसून दुसऱ्या लग्नाला न्यायचं. मिक्सिंग त्याच डिस्कवर, म्हणजे संगणकाची लिहा-पुसाही तिथेच. काम दिलं की पुसायचं, पुन्हा काठोकाठ भरायचं. दुसरी प्रत ठेवू या म्हटलं की ठरलेलं उत्तर, "बायकू का दोन करत्यात आण्णा?" जागा इतकी भरलेली असायची, की डिस्कला ओझं या कुशीवरून त्या कुशीवर घ्यायलाही वाव नसायचा. उरलेल्या त्याच त्या पेशी झिजत राहायच्या.

अशातच हातकणंगल्याचं एक लग्न आलं. मुलीचे वडील अंथरुणाला खिळलेले, पण त्या दिवशी उठले आणि मुलीचा हात धरून मांडवाच्या दारापासून बोहल्यापर्यंत चालत गेले. पुढच्याच महिन्यात ते वारले. मुलीचा फोन आला, "काका, गाणीबिणी काय लावू नका. बाबा चालत्यात तेवढं पयलं द्या."

त्या आठवड्यात संगणकाने डिस्कला ओळखच दाखवली नाही. कार्ड केव्हाच पुसलेलं. आतलं काही परत मिळतंय का बघायला डिस्क पुण्याला पाठवली. तिथला माणूस फोनवर म्हणाला, "एवढ्याशा डिस्कवर एवढं लेखन? झिजून गेलीय, आता काही निघायचं नाही. चौपट मोठी असती तर हेच काम चौपट जागेत वाटलं गेलं असतं, अजून चालली असती."

मुलीला फोन मी केला. व्होल्टेज वर-खाली झालं, म्हणालो. तो बाजूलाच होता. महिन्याभरात माझ्या खोट्याला त्याने शिंगं-शेपूट लावलं. ट्रान्सफॉर्मर फुटला, ठिणग्या उडाल्या, ह्याने हाताने वायर ओढली! चहाच्या गाड्यावर हे ऐकताना मला त्याची किळस यायची. माझी यायला हवी होती.

मग रविवारी तो गायब होऊ लागला. मोटारसायकल काढायचा आणि त्या लग्नाच्या पाहुण्यांची घरं गाठायचा, "मोबाइलात काय हाय काय बगू द्या" म्हणत. लोकांच्या मोबाइलात काय असणार? जिलेबीची ताटं आणि स्वतःचीच तोंडं. मी टोमणे मारले, "आता पंगतीचा पिक्चर काढणार काय?" तो मोटारसायकलला किक मारून निघून गेला. एरवी एका टोमण्याला दोन परत करणारा गडी.

शेवटी वारणानगरच्या कॉलनीत नवऱ्या मुलाच्या मावशीच्या मोबाइलात वडील चालतानाचा एक तुकडा सापडला. मी म्हटलं, "दे की तिला पाठवून."

"न्हाय आण्णा. ह्यात मीच मधी आलोय. दुसरा गावतोय का बगतो."

तो वर्षानुवर्षं दुसरा शोधत राहिला. यंदा पावसाळ्याच्या तोंडाला एका रविवारी छातीत कळ आली आणि गेला.

शोकसभेनंतर मी तो तुकडा घेऊन हातकणंगल्याला गेलो. मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. व्होल्टेज नव्हतं, डिस्क लहान होती, ती मीच घेऊ दिली आणि खोटंही मीच बोललो, हे तिला सरळ सांगितलं. तिने पोराला मांडीवरून खाली ठेवलं.

"हे सांगाय एवढी वरसं लागली व्हय? आणि ते शूटिंगवालं सवता का न्हाय आलं?"

"तो गेला. तुझ्यासाठी एवढा तुकडा शोधून ठेवलाय त्याने."

तिने हात पुढे केला, "दावा."

मोबाइलवर आधी नुसती पाठच दिसते. खांद्यावर कॅमेरा घेतलेली रुंद पाठ, आख्खा मांडव झाकून उभी. मागून बाई ओरडते, "सरका की ओ फोटोवालं!" पाठ जराशी हलते आणि फटीतून वडील दिसतात. एक हात मुलीच्या हातात, दुसरा गुडघ्यावर, नजर पुढे. चार पावलं, की पुन्हा पाठ.

तिने ते परत-परत पाहिलं. मग पदराने मोबाइल पुसून विचारलं, "ह्यास्नी कडंला काढता ईल?"

येईल म्हणालो. घरी येऊन बसलो आणि काढला त्याला, जेवढा निघाला तेवढा. कोपर तेवढं राहिलं, वडिलांच्या खांद्याला टेकलेलं. ते कापायचं तर वडीलही कापले जातात.